उकंड्याची दुरुस्ती

वेणूबाई, सोमवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास, घंटागाडी तुमच्या गल्लीत शिरायच्या आधी, तुम्ही गेलात. वेळ तुमच्या सुनेने, संगीताने सांगितली. सव्वासातला डॉक्टर आले आणि त्यांनी खात्री केली. चुलीवर तुमचा चहा होता, तो आटून गेला.

बातमी मीच दिली. पाच ओळींची झाली. वय, गाव, मागे कोण आहे, हे सगळं त्यात आलं आहे; ते इथे पुन्हा लिहीत नाही. 'कचरा वेचणाऱ्या महिलांच्या मार्गदर्शक' असं त्यात तुमच्याविषयी छापून आलं. ते मी लिहिलं नव्हतं, कचेरीत कोणी तरी घातलं. तुम्ही वाचलं असतं तर दुपारच्या आत पेपरची घडी काखेत धरून माझ्या दारात उभ्या राहिल्या असतात.

त्या सकाळी घडलेली एक गोष्ट बातमीत बसली नाही. घंटागाडी नेहमीच्या वेळेला आली. तिच्या भोंग्यावर तुमचाच आवाज होता, रोज असतो तसा. रवीने, म्हणजे गाडीच्या चालकाने, तुमच्या दारापुढची गर्दी पाहिली आणि भोंगा बंद केला. खाली उतरला, आत जाऊन तुमच्या पायांना हात लावून आला. पुढच्या गल्लीत त्याने भोंगा पुन्हा चालू केला. मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "तिकडच्या लोकाईले मालूम नव्हतं न भाऊ. बादल्या घेऊन उभे होते ते. बंद ठेवला असता तं काकीच म्हनली असती, काहून बे, मी मेली तं गाव थांबलं काय."

तुमच्या अंगणात त्या दिवशी कागदी कप दिसले नाहीत. बचत गटाच्या बायकांनी स्टीलचे पेले आणले होते आणि गटातली निर्मला मोरीपाशी बसून ते विसळत होती. हार आले, तेव्हा तिनेच एकेक हार हातात घेऊन त्यातला प्लास्टिकचा दोरा आणि चमकी काढून घेतली. फुलं तेवढी तुमच्या अंगावर ठेवली. कोणी तरी म्हणालं, आजच्या दिवस राहू दे. ती म्हणाली, "कशी राहू देऊ? मले शिकवलं कोनं?" काढलेले दोरे तिने निळ्या बादलीत टाकले.

आपली ओळख भांडणातून झाली. काही वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा होता. बसस्थानकामागच्या ढिगाची बातमी मी दिली होती. आठवडी बाजारातलं सडकं, हॉटेलांचं उरलंसुरलं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, दवाखान्यांच्या सुया, सगळं नाल्याच्या काठाला पडत होतं आणि अधूनमधून कोणी तरी ते पेटवून देत होतं. मथळा होता, 'बसस्थानकामागे गावाचा उकिरडा'. मला तो चांगला वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. तुम्हाला मी नावाने ओळखत नव्हतो. बाजार समितीच्या काट्यावर वजनाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाई एवढीच ओळख होती.

"हे तुमी लिवलं काय जी?"

"हो. काही चुकलंय का?"

"उकिरडा म्हंजे आपला उकंडाच न?"

"तोच."

"कधी पाह्यला हाये काय उकंडा?"

मी कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. आमच्याकडे ना जनावर, ना शेत. येता-जाता रस्त्यावरून दिसतो तेवढा पाहिला होता. तसं सांगितलं. "चला मंग," तुम्ही म्हणालात आणि मी चहा घ्यायला सांगत होतो तोवर फाटकाबाहेर पडलात.

तुम्ही मला तुमच्या धाकट्या दिरांच्या, शालिकभाऊंच्या गोठ्यावर नेलं. मागच्या बाजूला खड्डा होता. त्यात शेण, बैलांनी टाकलेला कडबा, सोयाबीनचं कुटार, चुलीची राख, भाजीची देठं. वरचा थर सुकलेला. तुम्ही बाही वर करून कोपरापर्यंत हात खुपसलात आणि मूठभर काळं, भुसभुशीत काढून माझ्या नाकापुढे धरलंत.

"घान येते काय?"

येत नव्हती. "घाला हात," तुम्ही म्हणालात. मी दोन बोटं घातली. शालिकभाऊ बैलांना पाणी पाजत होते. ते तिथूनच म्हणाले, "वयनी, पेपरवाले तं भाजीतलं मीठ पाहून राह्यले."

"आता बसस्टँडमांगं चला. तिथं हात घालून दाखवा."

मी गेलो नाही. तिथे सुया होत्या, हे मीच छापलं होतं.

"मंग तो उकंडा नाही," तुम्ही म्हणालात. "उकंड्यातलं वावरात जाते. तिथलं कुठं जाते? दिवाळीले आमी उकंड्यावर दिवा लावतो. तुमी त्याले शिवी केली. उद्या दुरुस्ती छापजा."

मी समजावून सांगितलं. वर्तमानपत्र तथ्याची चूक दुरुस्त करतं, शब्दाच्या छटेची नाही. शब्दकोशात उकिरडा म्हणजे केरकचरा टाकायची जागा, असाच अर्थ आहे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमच्या कोशात कोनाचं वावर नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवलं. दुरुस्ती छापली नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीतून मोकळ्या झालात आणि बचत गटातल्या बायकांना घेऊन कचरा वेगळा करण्याचं काम अंगावर घेतलंत. ग्रामपंचायतीने नाल्यापलीकडे टिनाचं शेड दिलं, घरोघरी दोन बादल्या दिल्या, हिरवी आणि निळी, आणि घंटागाडी दिली. गाडीवर तेव्हा कुठून तरी आलेली ध्वनिफीत वाजत होती, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. मी दर आठवड्याला शेडवर येऊन बसत होतो. खरं सांगायचं तर माझी बातमी आधीच तयार होती. लोक ऐकत नाहीत, बादल्यांत डाळ भरून ठेवतात, योजना फसली. काही घरांतून तसं पाहिलंही होतं. एखादं छापण्याजोगं उदाहरण मिळालं की बातमी पाठवायची, एवढंच बाकी होतं.

ते उदाहरण तुम्हीच दिलंत, पण ते माझ्या बातमीच्या कामाचं नव्हतं. निळ्या बादल्यांतून, म्हणजे सुक्यातून, तुमच्या बायकांना रोज कांद्याची टरफलं, बटाट्याच्या साली, चहाचा चोथा मिळत होता. सगळं खडखडीत वाळलेलं. चोथ्याच्या तर कागदात बांधलेल्या पुड्या. ही खोडी कोणाची, म्हणून तुम्ही माळीपुऱ्यात गेलात. मी बरोबर होतो. एका घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, म्हातारीने जुनं लुगडं अंथरलं होतं. त्याच्या अर्ध्या भागात कुरडया वाळत होत्या आणि अर्ध्या भागात भोपळ्याच्या साली.

"हे काहून वाळवता माय?" तुम्ही विचारलंत.

"ओलं कोन घेते बाई?" म्हातारी म्हणाली. "तूच तं सांगत होती न काट्यावर. माल ओला हाये, वापस न्या, वाळवून आना. सोयाबीन घेऊन दोनदा वापस आला माहा पोरगा. म्हून मी आपलं वाळवूनच देतो. चुकलं काय?"

तुम्ही धाब्यावरच बसलात. पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होतात. म्हातारीला वाटलं, रडताय. तिने पाणी आणलं. "माहीच शिकवन हाये बाप्पा," तुम्ही म्हणालात. "सारी उमर मीच सांगतलं लोकाईले, ओला माल घेत नाही म्हून. आता कोन्या तोंडानं सांगू, ओला पायजे?"

लोक ऐकत नव्हते, हे खरं नव्हतं. लोक नीट ऐकत होते. ओला या शब्दाचा अर्थ त्यांना तुमच्याकडूनच मिळाला होता आणि तो वेगळा होता. माझी तयार बातमी त्या धाब्यावर रद्द झाली.

त्याच आठवड्यात तुम्ही ध्वनिफीत काढून टाकली आणि रवीच्या मोबाइलवर स्वतः बोललात. ते आजही वाजतं. 'उकंड्याचं हिरव्यात, भंगाराचं निळ्यात. आजारपनाचं कागदात बांधून रवीच्या हातात द्या. झाकून आना, कुत्रं मांगं लागते.' ग्रामसेवकांनी हरकत घेतली; वरून आलेल्या पत्रकात ओला आणि सुका असंच आहे, म्हणाले. तुम्ही म्हणालात, "कागदावर ओला-सुका लिवा साहेब. तोंडानं उकंडा म्हना. कागद वाचून कोनी कचरा आनत नाही." ते हसले. महिनाभरात वाळलेल्या साली येणं थांबलं.

उकंडा आणि भंगार या दोन शब्दांवर मी अर्धा रकाना लिहिला. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "आता उकंडा चांगल्या जागी छापला. मंग तो बसस्टँडमांगचा कवा सुधारता?" मी विषय बदलला. तुम्ही बदलू दिलात.

आमच्या धंद्यात आकडा लागतो. रोज किती किलो गोळा होतं, हे मी तुम्हाला पहिल्यापासून विचारत होतो, आणि पाहणीला येणारी माणसंही तेच विचारत. एकदा अशाच एका पाहुण्याला तुम्ही उत्तर दिलंत, "काल होतं त्याच्याहून कमी." त्याला वाटलं, तुम्ही काम कमी पडल्याचं सांगताय. तो दिलासा द्यायला लागला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "जास्त कचरा निंगून राह्यला म्हंजे गाव जास्त घान करून राह्यलं. त्याचं कवतिक कायचं करता साहेब? गोळा किती झालं हे इचारू नका. वापस किती गेलं ते इचारा. लोखंड भंगारात वापस गेलं काय, कागद वापस गेला काय, अन् मातीतलं मातीत गेलं काय."

"आणि मातीतलं नीट गेलं की नाही हे कसं मोजता?" मी विचारलं.

तुम्ही वाहाना काढल्या आणि चाळून ठेवलेल्या खताच्या ढिगावरून अनवाणी चालत गेलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. पाऊल दाबून, थांबत थांबत. खाली उतरून एक तळवा वर करून पाहिला, मग दुसरा.

हा तुमचा दर शनिवारचा नेम झाला. पायाला काही टोचलं तर तो ढीग पुन्हा चाळायचा. टोचलं नाही तरच शेतावर द्यायचा. यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणालो, हे मोजमाप नव्हे. मोजमाप ते, जे कोणीही करावं आणि तेच उत्तर यावं. तुम्ही म्हणालात, "मंग तुमी चाला. पाहू तेच उत्तर येते काय." मी प्रयोगशाळेचं नाव काढलं. तुम्ही एक पिशवी भरून तपासायला पाठवलीतही, अहवाल चांगला आला, तुम्ही तो पत्र्याला चिकटवलात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा अनवाणी चाललात. "त्याइनं मुठभर पाह्यलं," तुम्ही म्हणालात. "वावरात निंदाले बाया अनवानी जातात. त्या मुठभरावर चालत नाहीत, साऱ्यावर चालतात."

  तरी माझा मुद्दा पूर्ण चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आपला हा वाद तसाच राहिला.

अनवाणी चालण्यामागचं कारण मला माहीत होतं, आणि त्याविषयी तुम्ही फारसं बोलत नव्हतात. तुमच्या शेडमधलं पहिलं खत शालिकभाऊंच्या शेतात गेलं होतं. दुसऱ्या कोणी घ्यायच्या आधी घरच्या माणसाने घ्यावं, असा तुमचा हट्ट. पावसाळ्यात निंदण सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या जावेच्या तळव्यात काच गेली. खोल गेली. त्यांना चालायला दसरा उजाडला. शालिकभाऊ शेडवर आले, हातात कागदाची पुडी. तुमच्यापुढे ती सोडली. आत बांगडीचे तुकडे होते. हिरवे, एक-दोन लाल.

"वयनी," ते म्हणाले, "तुमाले मी उलटून बोललो नाही कधी. पन गावाचं हे खत आता माह्या वावरात पाय ठेवनार नाही."

ते गेल्यावर तुम्ही त्या पुडीकडे बघत बसलात. काच निळ्या बादलीत यायला हवी, हे सगळ्या गावाला पाठ होतं. बाटल्या, बल्ब, आरसे सगळं निळ्यातच येत होतं. बांगड्याच तेवढ्या हिरव्यात का? निर्मला म्हणाली, कोणी तरी मुद्दाम करत असेल. तुम्ही तिला गप्प केलंत आणि घरोघर विचारत फिरलात. चौथ्या-पाचव्या घरी कळलं.

बांगडी फुटली असं आपल्याकडे बाई म्हणत नाही, वाढली म्हणते. वाढलेल्या बांगडीचे तुकडे ती भंगारात कसे टाकेल? देवाची वाळली फुलं हिरव्या बादलीत जात होती, कारण ती उकंड्याची, आणि उकंड्यावर दिवा लागतो. बांगड्याही तिथेच गेल्या. बायकांनी मान राखला होता. गटातल्या बायकांनी तुकडे पाहिले होते आणि मातीत जाऊ दिले होते, त्यांनाही ते वेगळं काढणं बरं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला बोलावून घेतलंत. मी सांत्वनाचं काही तरी बोलायला लागलो. तुम्ही हात वर केलात. "लिवा. शब्द माहा, चूक माही. मी उकंडा म्हनलं म्हून बांगड्या आल्या. ओला-सुका असतं तं काच सुक्यात गेली असती." मी लिहून घेतलं. तुम्ही वाट पाहिली नाहीत. दुसऱ्या सकाळपासून आठवडाभर घंटागाडीवर आधी हे वाजलं: 'वेणूबाई बोलून राह्यली. माही चूक झाली. बांगड्यांचं मी सांगतलं नव्हतं. एका बाईच्या पायात काच गेली. बांगड्यांसाठी आता वेगळा डबा हाये.' आणि मग नेहमीचं.

डबा पत्र्याचा होता. त्यावर तुम्ही हळदी-कुंकवाची बोटं ओढली होती आणि तो देवळाच्या पायरीपाशी ठेवला होता. बायका तुकडे पदराखालून आणून त्यात टाकायला लागल्या. डबा भरला की बांगड्यांच्या दुकानातून तो काच वितळवणाऱ्या माणसाकडे जातो. तुकडे वितळून पुन्हा बांगडी होते, असं तुम्ही सांगत होतात. त्यानंतर खतात बांगडी निघाली नाही. शनिवारचं अनवाणी चालणं मात्र तुम्ही सोडलं नाही.

मी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. तुमचा शब्द चुकला, तुम्ही दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात भोंग्यावरून सांगितलंत. माझा शब्द चुकला, मी तुम्हाला शब्दकोश दाखवला.

पुढची वर्षं चांगली गेली, वेणूबाई. हे लिहिताना कुठे शब्द वाढवावा लागत नाही. नाला वाहतो. बसस्थानकामागे आता दोन बाकडी आणि करंजाची झाडं आहेत. आर्णीच्या गाडीची वाट बघणारे लोक तिथे बसतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तिथे आधी काय होतं हे ठाऊक नाही. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायका जाताना आपापली जागा झाडतात आणि पालापाचोळा हिरव्या पिंपात टाकतात. मेच्या सुरुवातीला खतासाठी शेडपुढे ट्रॅक्टर उभे असतात. राळेगावकडून एकदा गटाच्या बायका बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या गावानं हे कसं केलं, आणि तुम्ही त्यांना पहिल्यांदा वाळलेल्या सालींची गोष्ट सांगितलीत. मग काचेची. काम चाललं ते दोन्ही चुकांमुळेच, असं तुमचं म्हणणं होतं.

फक्त शालिकभाऊ आले नाहीत. सणावाराला तुम्ही त्यांच्याकडे जेवलात, पोळ्याला त्यांचे बैल तुमच्या दारी आले, जावेचा पाय बरा झाल्यावर तुम्ही दोघी मिळून पापड लाटलेत. पण खताचा विषय निघाला नाही. कोणाकोणाच्या शेतात खत गेलं, हे तुम्ही मला सांगत होतात, आणि यादी संपली की थोडं थांबून म्हणत होतात, "दिराचं वावर राह्यलं." दर वर्षी तेवढंच. मी एकदा म्हणालो, मी बोलू का त्यांच्याशी. तुम्ही म्हणालात, "नोका बोलू. काच त्याइच्या घरात गेली. याचं त्याइनंच पाहावं."

गेल्या शनिवारी मी शेडवर होतो. तुम्ही नव्या ढिगावरून चाललात, नेहमीपेक्षा हळू. मधे एकदा थांबून तुम्ही निर्मलाच्या खांद्यावर हात ठेवलात. मला तो थकवा उन्हाचा वाटला. उतरल्यावर तळवे पाहिलेत, झटकलेत, आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "काय जी पेपरवाले, दुरुस्ती?"

"पाहू," मी म्हणालो.

आपलं शेवटचं बोलणं हेच. तुमचं बरोबर होतं, एवढं तीन शब्दांचं वाक्य मला तेव्हा म्हणता आलं असतं. मला घाई नव्हती. तुम्हाला दुरुस्ती कधी दिसली नाही.

म्हणून ती इथे देतो. दुरुस्ती: काही वर्षांपूर्वी बसस्थानकामागील जागेविषयी दिलेल्या बातमीच्या मथळ्यात 'उकिरडा' असा शब्द छापला गेला होता. तो चुकीचा होता. त्या जागी कचरा होता. त्यात हात घालता येत नव्हता आणि त्यातलं काहीही शेतात परत जात नव्हतं. चूक या वार्ताहराची आहे.

बुधवारी राख सावडली. अस्थी घेऊन मुलगा आणि संगीता अरुणावती नदीवर गेले. शालिकभाऊ बरोबर होते.

गुरुवारी सकाळी आठला ते ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन शेडवर आले. मी तिथे पत्र्यावर तुमच्या फोटोसाठी जागा बघायला गेलो होतो. निर्मला चाळणी मारत होती, रवी गाडी धूत होता. शालिकभाऊ उतरले आणि ढिगापुढे उभे राहिले.

"हा तयार हाये काय?"

"हाये," निर्मला म्हणाली.

"वयनी चालली होती याच्यावर?"

"शनवारी. दोनदा. जाऊन, वापस येऊन."

 मग त्यांनी वाहाना काढल्या, धोतर थोडं वर धरलं आणि ढिगावर चढले. तुमच्यासारखेच चालले, पाऊल दाबून, थांबत थांबत. रवीने नळ बंद केला. त्या टोकाला पोचून ते वळले आणि तिथूनच मला म्हणाले, "पेपरवाले, तुमी काहून उभे? की दोन बोटंच घालता?"

मी चपला काढल्या. खत सकाळी थंड असतं, हे मला माहीत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो.

आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो. निर्मलाने तांब्याने पाणी ओतलं. शालिकभाऊंनी आपले तळवे पाहिले आणि मग माझे दाखवायला सांगितले. रवीने खोरं घेतलं. पावणेनऊला ट्रॉली भरायला सुरुवात झाली, आणि साडेदहाला ती त्यांच्या शेतात, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, रिकामी झाली.

चारही तळव्यांना काही टोचलेलं नव्हतं.